शेवटचा ड्रॅगन कसा मरावा?

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले बत्तिसावे सूक्त इंद्र आणि वृत्र यांच्या लढाईचे आहे. वृत्र हा अहि, म्हणजे सर्प. पाणी अडवून डोंगरावर पसरलेला. इंद्र वज्राने त्याला मारतो आणि अडलेल्या नद्या समुद्राकडे धावू लागतात. या सूक्तातले दोन तपशील मला नेहमी विचारात पाडतात. एक, वृत्र मेल्यावर जगात काहीतरी उघड बदलते, पाणी सुटते. दुसरा असा की, जिंकल्यानंतरही इंद्राच्या मनात भीती शिरते आणि तो नव्याण्णव नद्या ओलांडून पळतो. म्हणजे सर्प मारला, एवढे सांगून कवी थांबत नाही. मारण्याने काय सुटले आणि मारणाऱ्याचे काय झाले, हेही तो सांगतो.

युरोपातल्या जुन्या काव्यांतही हेच दिसते. इंग्रजीतल्या ‘बेवुल्फ’ या प्राचीन काव्याच्या शेवटी म्हातारा राजा ड्रॅगनवर चालून जातो. बरोबर निवडलेले अकरा साथीदार असतात. आगीचा लोळ उठताच दहा जण रानात पळतात, एक विग्लाफ थांबतो. ड्रॅगन दोघांच्या हातून मरतो आणि राजाही जखमेने जातो. एकट्या वीराची म्हणून ओळखली जाणारी ही कथा शेवटी सोबत कोण थांबले, या प्रश्नावर येऊन ठेपते.

गेल्या पन्नास वर्षांत हा सर्प एका नव्या जागी येऊन बसला आहे. ती जागा म्हणजे संगणकावरचे खेळ, आणि त्यांतही हजारो माणसे एकाच वेळी खेळतात असे ऑनलाइन खेळ. या खेळांत वाटेवर लहानमोठे शत्रू भेटतात आणि शेवटी एक महाशत्रू असतो. खेळाडू त्याला ‘बॉस’ म्हणतात. हा बॉस पुष्कळदा ड्रॅगनच असतो. माझा प्रश्न साधा आहे. हा शेवटचा ड्रॅगन कसा रचला म्हणजे खेळणाऱ्याला शेवट पावला असे वाटते? या विषयावर मराठीत वाचायला जवळजवळ काही नाही. जुन्या लढायांची चित्रणे, कंपन्यांनी वेळोवेळी जाहीर केलेल्या बदलांच्या याद्या आणि खेळाडूंनी लिहून ठेवलेल्या हकिकती, ही माझी साधने.

सोन्याच्या ड्रॅगनपासून

सुरुवात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकयंत्रणा शिक्षणासाठी उभारली होती. एका मोठ्या संगणकाला दूरदूरचे पडदे जोडलेले असत. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ बाजारात आला. लगेचच, १९७५च्या सुमारास, सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या गॅरी व्हिसेनहंट आणि रे वुड या दोघांनी प्लेटोवर त्याच धर्तीचा एक खेळ लिहिला. त्याचे नाव ‘डीएनडी’. त्यात तळघरांच्या अनेक पातळ्या होत्या आणि शेवटी एक दिव्य गोळा राखणारा सोन्याचा ड्रॅगन. संगणक-खेळांतला पहिला बॉस म्हणून बहुधा त्याचेच नाव घेतले जाते.

या ड्रॅगनने एक गोष्ट पक्की केली: शेवटाला राखण हवी. गोळा नुसता पडलेला सापडला असता तर तो शेवट ठरला नसता. पुढे १९८६ साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये शेवटचा राजा हरता हरता आपले खरे रूप घेतो आणि ड्रॅगन होऊन पुन्हा उभा राहतो. जिंकलो असे वाटत असतानाच खरी लढाई सुरू करायची, ही युक्ती तेव्हापासून रूढ झाली.

पण हे सारे एकट्याचे खेळ होते. एकट्याच्या खेळात शेवट म्हणजे शेवट. ड्रॅगन मेला की खेळ संपला, यंत्र बंद करून जेवायला जायचे. ऑनलाइन खेळात पेच वेगळा आहे. तिथे जग चालूच राहते. आज तुम्ही मारलेला ड्रॅगन उद्या दुसऱ्या टोळीलाही मारायचा असतो, म्हणून तो पुन्हा जिवंत करावा लागतो. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहतो. तिथे कुणाला फसवणूक वाटत नाही, कारण तो विधी आहे. खेळात मात्र खेळाडूला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात: विधीची पुनरावृत्तीही आणि आपल्या हातून काही कायमचे घडल्याचे समाधानही. ड्रॅगन रचणाऱ्यांची सगळी धडपड या दोहोंच्या मध्ये चालते.

ओनिक्सियाची शाळा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४मध्ये आला. त्यातली ओनिक्सिया ही ड्रॅगनीण मी नमुना म्हणून घेतो. तो त्या खेळाचा अंतिम शत्रू नव्हता. पण चाळीस माणसांनी मिळून ड्रॅगन मारण्याची रीत अनेकांनी तिच्यापाशी शिकली.

चाळीस जणांत कामे वाटलेली असतात. एक जण ढाल घेऊन ड्रॅगनला स्वतःकडे गुंतवून ठेवतो, त्याला ‘टँक’ म्हणतात. काही जण जखमा भरतात, ते ‘हीलर’. उरलेले वार करतात. ड्रॅगनच्या समोर उभे राहिले तर आगीचा फूत्कार बसतो. मागे उभे राहिले तर शेपटीचा तडाखा बसून माणूस थेट अंड्यांच्या ढिगात जाऊन पडतो आणि त्यांतून पिल्ले बाहेर येतात. म्हणून कुशीला उभे राहायचे. हे कुणी पाटी लावून सांगत नाही. ड्रॅगनच्या शरीराचा आकारच ते शिकवतो.

तिचे प्राण पासष्ट टक्क्यांवर आले की ती उडते. आतापर्यंत शिकलेले सगळे निरुपयोगी होते. टँकला पकडायला काही नाही, तलवारी पोचत नाहीत. वरून आगीचे गोळे येतात, अधूनमधून ती दीर्घ श्वास घेऊन गुहेचा एक पट्टाच जाळून काढते, आणि पिल्लांच्या झुंडी धावून येतात. चाळीस टक्क्यांवर ती पुन्हा खाली उतरते. पहिल्या भागातला धडा परत लागू होतो. पण आता जमिनीतून लाव्हा उसळतो आणि तिच्या किंकाळीने माणसे भयभीत होऊन सैरावैरा पळतात. ओळखीची परीक्षा, अनोळखी परीक्षा आणि मग ओळखीचीच पण घाबरलेल्या अवस्थेतली परीक्षा, अशी ही तीन अंकी मांडणी आहे. नाटक लिहिणाऱ्याला ती परकी वाटणार नाही.

लढाईच्या आधीचे आणि नंतरचे मला त्याहून मोलाचे वाटते. खेळातल्या माणसांच्या राजधानीत एक उमराव बाई दरबारात वावरत असे. खेळाडू तिला लहान असल्यापासून पाहत आलेला. लांबलचक कामगिऱ्या पार पाडल्यावर उलगडते की ती बाईच ओनिक्सिया आहे. म्हणजे शत्रू गुहेत गेल्यावर भेटत नाही, तो आधीपासून ओळखीचा असतो. आणि तिला मारल्यावर तिचे मुंडके नगरात आणून टांगतात. त्या क्षणी नगरात जे कुणी हजर असतील, बाजारात घासाघीस करणारे, नुकतेच खेळू लागलेले, त्या सगळ्यांना काही काळ वाढीव बळ मिळते. वृत्र मेल्यावर नद्या सुटल्या, तसेच हे. मारणारे चाळीस, पण पाणी सगळ्या गावाला.

दोन फसलेले शेवट

याच खेळात डिसेंबर २०१०मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ हा नवा भाग आला. त्याचा खलनायक डेथविंग हा महाकाय काळा ड्रॅगन. त्याने जमीन फोडली, आणि खेळाडूंनी सहा वर्षे पाहिलेले ओळखीचे प्रदेश खरोखर बदलून टाकण्यात आले. तो अवचित एखाद्या प्रदेशावरून उडत जाई आणि खाली जे असतील ते जळून मरत. त्याची छाया वर्षभर अशी डोक्यावर होती. यापेक्षा चांगली पूर्वतयारी कठीण.

नोव्हेंबर २०११च्या अखेरीस त्याच्याशी अंतिम लढाई आली. पहिल्या भागात खेळाडू उडत्या डेथविंगच्या पाठीवर उतरून चिलखताचे पत्रे उपसतात. तो कुशीवर वळला की नीट न धरलेले खाली पडतात. दुसऱ्या भागात समुद्राच्या भोवऱ्यातून त्याचे डोके आणि पंजे वर आलेले असतात आणि खेळाडू एकेका चौथऱ्यावरून एकेक अवयव तोडत जातात. कल्पना भव्य होती. तरी अनेक खेळाडूंची तक्रार एकच होती: आम्ही ड्रॅगनशी लढलोच नाही, त्याच्या बोटांशी लढलो. तो आमच्याकडे पाहत नव्हता. शत्रू इतका मोठा केला की तो शत्रू न राहता भूभाग झाला. शिवाय शेवटचा घाव खेळातल्या एका थोर पात्राकडून घातला गेला, खेळाडू मदतनीस ठरले.

त्याच वेळी कंपनीने अनोळखी पंचवीस जणांना आपोआप एकत्र आणून सोप्या स्वरूपात ही लढाई खेळू देण्याची सोय सुरू केली. त्यामुळे ज्यांना कधीच मोठ्या टोळीत जागा मिळाली नसती, त्यांनाही कथेचा शेवट पाहता आला. हे मला न्याय्य वाटते. शेवट सर्वांचा असावा की कमावणाऱ्यांचा, हा वाद मात्र तिथून जो सुरू झाला तो थांबलेला नाही.

दुसरे उदाहरण ‘गिल्ड वॉर्स २’चे, ऑगस्ट २०१२. यातला झायटन हा मेलेल्यांना उठवून सैन्य करणारा ड्रॅगन. खेळाडू ऐंशी पातळ्या चढतो ते त्याच्यासाठी. शेवटी पाच जण हवाई जहाजावर उभे राहतात आणि तोफा डागतात. ड्रॅगन एका मनोऱ्याला लटकलेला. तो फारसा प्रतिकार करत नाही. तोफेचे एकच बटण दाबत राहायचे आणि मग तो कोसळतो. एवढ्या वाटचालीत खेळाडू जे जे शिकला, चुकवणे, जखमा भरणे, सोबत्याला उठवणे, त्यातले काहीच इथे विचारले जात नाही. वर्षभर एका विषयाचा अभ्यास करून घ्यायचा आणि परीक्षेला फक्त सही करायला लावायची, असा हा प्रकार. या शेवटावर इतकी टीका झाली की पुढे या खेळातल्या प्रत्येक ड्रॅगनची तुलना झायटनशी होऊ लागली.

याच कंपनीने केलेली दुरुस्ती मात्र अभ्यासण्यासारखी आहे. टेक्वाट्ल हा समुद्रकाठचा ड्रॅगन सुरुवातीला इतका सोपा होता की लोक एका जागी उभे राहून तेच ते बटण दाबत. सप्टेंबर २०१३मध्ये तो नव्याने रचला गेला. आता पंधरा मिनिटांची मुदत. सहा तोफा खेळाडूंनीच चालवायच्या आणि तोफा चालवणाऱ्यांना इतरांनी जपायचे. प्रत्येक पाव भाग प्राण गेला की तळाची यंत्रे वाचवायला वेगवेगळ्या दिशांना धावायचे. नंतरच्या काळात अनोळखी माणसे आधी जमून, कामे वाटून घेऊन, नवख्यांना समजावून मग लढू लागली. झायटनच्या तोफा आणि टेक्वाट्लच्या तोफा यांत यांत्रिक फरक थोडा आहे. पहिल्या तोफेवर बसलेला माणूस उठून गेला तर काही बिघडत नव्हते. दुसऱ्या तोफेवरचा उठला तर सगळे हरत होते.

फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच खेळात सू-वॉन ही ड्रॅगनीण आली आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लांब पूर्वतयारीनंतर मुदतबंद लढाई, आणि पुष्कळ टोळ्या तासाभराहून अधिक राबून अखेरच्या क्षणी हरू लागल्या. हरण्याचे दुःख नव्हते, का हरलो ते कळत नव्हते, हे दुःख होते. कंपनीला ती सौम्य करावी लागली. पराभव पुढच्या खेपेला काय करायचे ते सांगत असेल, तर माणसे तो कितीही वेळा सोसतात.

न मरणारा केराफिर्म

आता मी या लेखाच्या मुळाशी असलेल्या प्रसंगाकडे येतो. ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ मार्च १९९९मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०००मध्ये आलेल्या त्याच्या एका भागात केराफिर्म नावाचा ड्रॅगन होता. इतर ड्रॅगनांनी मिळून त्याला एका थडग्यात झोपवून ठेवले होते आणि चार रक्षक नेमले होते. चारही रक्षक मारले की तो जागा होतो. एका सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या एका स्वतंत्र जगात, हे एकदाच घडू शकत असे. जागा झाला की तो समोर येईल त्याला मारत निघून जाई. मग ते जुने रक्षक आणि त्यांच्याकडची दुर्मीळ शस्त्रे त्या जगातून कायमची नाहीशी होत. म्हणून कित्येक ठिकाणी टोळ्यांनी आपसात ठरवून चौथ्या रक्षकाला हात लावला नाही. हा ड्रॅगन मरण्यासाठी बनवलाच नव्हता. त्याचे प्राण दहा कोटींच्या वर असावेत असा खेळाडूंचा अंदाज होता.

रॅलॉस झेक हा सर्व्हर असा होता की तिथे खेळाडू एकमेकांनाही मारू शकत. तिथल्या तीन मोठ्या टोळ्या एरवी एकमेकांच्या प्रतिस्पर्धी. नोव्हेंबर २००३मध्ये जवळपास दोनशे माणसे घेऊन त्या एकत्र आल्या आणि केराफिर्मला उठवून त्याच्यावर तुटून पडल्या. तो एका फटक्यात माणूस मारत होता. यांची युक्ती एकच: मेलेल्याला उठवायचे, त्याने दोन वार करायचे, मरायचे, त्याला पुन्हा उठवायचे. पुजारी वर्गातल्या खेळाडूंकडे मेलेल्यांना विनामोल उठवणारे शस्त्र होते, त्यावर ही साखळी तासन्‌तास चालली. ड्रॅगनचे प्राण पाव भागापर्यंत खाली आले. आणि अचानक तो नाहीसा झाला. खेळ चालवणाऱ्या सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटच्या माणसांनी त्याला काढून घेतले होते. खेळात काही बिघाड असावा, अशी शंका त्यामागे सांगितली गेली.

खेळाडूंत जो संताप उसळला तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. ड्रॅगनने त्यांना हजारदा मारले असते तरी त्यांनी तक्रार केली नसती. तक्रार होती ती नियम करणाऱ्याबद्दल. तुम्ही हा अजिंक्य डोंगर आमच्यासमोर ठेवलात. आम्ही तुमच्याच नियमांनी तो चढलो. शिखर हाताशी आल्यावर तुम्ही डोंगर उचललात. कंपनीने माफी मागितली आणि पुन्हा संधी दिली. थोड्याच दिवसांत तेच सगळे पुन्हा जमले आणि तीनेक तासांच्या लढाईनंतर केराफिर्म मेला.

त्याच्या प्रेतातून काहीच मिळाले नाही. ना शस्त्र, ना सोने. मरणारच नाही असे गृहीत धरलेल्याच्या खिशात बक्षीस कोण ठेवील? तरी त्या दोनशे जणांतल्या अनेकांनी पुढे ही आपल्या खेळातली सर्वांत मोठी घटना म्हणून सांगितली. त्या लढाईला तीन अंक नव्हते, कथेची चढण नव्हती, ड्रॅगनकडे नव्या चाली नव्हत्या. रचनेच्या नियमांनी पाहिले तर तो कंटाळवाणा बॉस होता. पण तिथे प्रत्येकाचे उठणे आणि पडणे मोजले जात होते. शत्रुत्व बाजूला ठेवून लोक आले होते. आणि पुन्हा न घडणारे काहीतरी खरोखर घडले होते.

हरण्याचाही एक शेवट

याच्या अगदी उलट उदाहरण ‘फायनल फँटसी १४’चे. हा जपानी खेळ २०१०मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की कंपनीने तो बंद करून नव्याने बनवायचे ठरवले. ते काम नाओकी योशिदा यांच्याकडे आले. बंद करायचे तर गुपचूप करता आले असते. त्यांनी ते कथेत ओवले. कित्येक महिने आकाशात एक लाल चंद्र मोठा मोठा होत गेला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले आणि खेळाडूंना एक चित्रफीत दाखवली गेली. चंद्र फुटतो, आतून बहामुत हा ड्रॅगन बाहेर येतो आणि ते जग जाळून टाकतो. अखेरच्या तासांत हजारो लोक नुसते हजर राहण्यासाठी आले होते. लढण्याचा प्रश्नच नव्हता.

नवा खेळ ऑगस्ट २०१३मध्ये सुरू झाला, त्याच जगात, पाच वर्षांनंतरच्या काळात. आणि ऑक्टोबर २०१४मध्ये आठ-आठ जणांच्या तुकड्यांना त्या बहामुतशी अखेर समोरासमोर लढता आले. जुन्या रात्री हजर असलेल्यांसाठी तो दोन वर्षांपूर्वीचा हिशेब होता. ड्रॅगन जिंकला तरी शेवट पावतो, फक्त तो जिंकला हे जगाने विसरता कामा नये, एवढे बहामुतने दाखवले.

या सर्व उदाहरणांवरून माझा निष्कर्ष असा. ड्रॅगनचा आकार, त्याच्या प्राणांची संख्या, आगीची चित्रे यांवर शेवटाचे समाधान फारसे ठरत नाही. वाटेत शिकवलेले शेवटी विचारले गेले पाहिजे. सोबतच्या प्रत्येकाचे असणे-नसणे जाणवले पाहिजे. हरलो तर का हरलो ते कळले पाहिजे. ड्रॅगन मेल्यावर, किंवा जिंकल्यावर, जगात काही हलले पाहिजे. या चार गोष्टी रचनाकाराच्या हातातल्या आहेत आणि शिकता येण्यासारख्या आहेत.

पाचवी गोष्ट रचनेची नाही, शब्द पाळण्याची आहे. जो माणूस खेळ मांडतो तो नियमही करतो, आणि वाटेल तेव्हा ड्रॅगन उचलून घेण्याची ताकद त्याच्याकडे असते. आपली ही ताकद त्याने वापरू नये, एवढ्याच भरवशावर समोरची माणसे रात्री जागवतात. रॅलॉस झेकवरचे दोनशे जण रिकाम्या हाताने परतले, तरी त्यांना जे मिळाले ते झायटनला पाडणाऱ्यांना मिळाले नाही. झायटन मरणार हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते. केराफिर्म मेला तो बनवणाऱ्याचा अंदाज खोटा ठरवून, आणि दुसऱ्या खेपेला त्याने तो खोटा ठरू दिला म्हणून.